खालून दिलेला ठोका

आमच्या धंद्यात दोन माणसं लागतात, एक वरचा आणि एक खालचा. वरचा कंपनीच्या शेडच्या पत्र्यावर फिरतो. खालचा शेडच्या आत उभा राहून वर बघतो. गळती शोधायला दुसरा रस्ता नाही. पाणी वर एका ठिकाणी शिरतं, पत्र्याच्या पोटाला धरून पळतं आणि भलतीकडंच टपकतं. खालच्याला थेंब दिसतो, वरच्याला भोक दिसतं. दोघांचं जमलं तर गळती सापडते. नाहीतर नुसतं सिलिकॉन फासून घरी जायचं आणि पुढच्या सरीला शिव्या खायच्या.

मी बरीच वर्षं खालचा होतो. वरचे म्हणजे आमचे मिस्त्री.

मिस्त्री माण तालुक्यातले, मी हिंगोलीकडचा. मी नववीत शाळा सोडली. सोडली म्हणजे काय, गणिताच्या तासाला वर्गाबाहेर उभं राहायची सवयच झाली होती. एक दिवस बाहेरूनच घरी आलो आणि कुणी बोलवायला आलं नाही. पुढं गावातल्या एकाबरोबर चाकणला आलो. तो पॅकिंगच्या कामाला होता, मलाही चिकटवतो म्हणाला होता. त्याच्याच ठेकेदाराचं काम सुटलं आणि तो गावी परत गेला. मला परत जायला तोंड नव्हतं म्हणून राहिलो. तळवड्याच्या चौकात सकाळी मजूर उभे राहतात, तिथं मीही उभा राहायचो. मिस्त्रींना त्या दिवशी खालचा माणूस पाहिजे होता. त्यांनी सगळ्यांना एकच विचारलं, उंचीची भीती वाटते का. सगळे नाही म्हणाले. मी म्हणालो, लई वाटते.

"मग तूच चल," मिस्त्री म्हणाले. "ज्याला वाटत न्हाई, त्यो वर ध्यान देत न्हाई."

त्या दिवसापासून त्यांच्याच खोलीत राहिलो. म्हाळुंग्याच्या अलीकडं एका जुन्या घराच्या मागं ओळीनं काढलेल्या खोल्या, त्यातली शेवटची. पंख्याखालची जागा त्यांनी मला दिली. म्हणाले मला वाऱ्याचं कौतुक न्हाई, दिवसभर खातोच की. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांनी मला पेज भरवली, कपडे धुतले. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं मला इथं साधा खोकलासुद्धा झाला नाही. आई रोज फोनवर एकच म्हणायची, जय भीम म्हण आन् मगच चढ. मी चढत नाही, खाली असतो, हे तिला किती वेळा सांगितलं तरी तिच्या मनात मी कायम वरच.

कारखान्यांच्या एवढ्या मोठ्या पट्ट्यात, ज्यात सकाळी रस्त्यावर कंटेनरच्या मागं कंटेनर उभे असतात आणि माणसांच्या बसमागं बस, माझं म्हणावं असं एकच माणूस होतं. बाकी सगळे कंपन्यांचे, ठेकेदारांचे, गेटवरचे. म्हणून मिस्त्रींचा पाय वर घसरला असता तर नुसता माझा वरचा गेला नसता. माझं या शहरात असणंच गेलं असतं. हा हिशेब मी रोज मनात करायचो. मिस्त्रींना ते कळायचं. "काय करायलाव?" असं माझ्या बोलीची नक्कल करत विचारायचे आणि मग स्वतःच सांगायचे, "भ्यायलाव."

कंपनीच्या आत मोबाइल नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. वॉकी-टॉकी कंपनीच्या लोकांकडं असतात, ठेकेदाराच्या माणसांना कोण देतो. त्यामुळं मिस्त्रींनी ठोक्यांची पद्धत बसवली होती. मी सीझर लिफ्टवर, म्हणजे कात्रीसारख्या पायांनी वर जाणाऱ्या पाळण्यावर उभा, लिफ्ट वर नेली की डोकं पत्र्यापासून हातभर राहायचं. वर ते चालत असायचे. त्यांच्याकडं एक जुना पाना होता, त्यानं ते पत्र्यावर ठोकायचे. एक ठोका म्हणजे मी इथं आहे. खालून मी एक दिला की ऐकलं. दोन म्हणजे इथंच, खूण कर. तीन म्हणजे थांब. बस्स. एवढ्यात आमचं सगळं बोलणं व्हायचं.

आणि चालायचं कसं, तर स्क्रूच्या ओळीवरून. पत्र्याखाली लोखंडी आडव्या पट्ट्या असतात आणि पत्रा त्या पट्ट्यांवर स्क्रूनं बसवलेला असतो. जिथं स्क्रू तिथं खाली पट्टी. मधल्या पत्र्यावर पाय दिला की पत्रा दबतो, वॉशर सुटतो आणि पुढच्या पावसात तिथंच गळतं. पण सगळ्यांत वाईट म्हणजे उजेडाचे पत्रे. आत उजेड यावा म्हणून मध्ये मध्ये फायबरचे पत्रे बसवलेले असतात. उन्हानं ते काही वर्षांत पापडासारखे होतात. त्यावर पाय पडला तर विषय संपला. ते दुरून वेगळे दिसतात म्हणून माणूस वाचतो.

छपराकडं कुणी बघत नाही, हे मला या धंद्यात आल्यावर कळलं. मशीनला तेल देतात, फरशी दिवसातून कितीदा पुसतात, गाडीच्या गेटवर रोज नवी पट्टी रंगवतात. छप्पर मात्र गळेपर्यंत कुणाच्या लक्षात नसतं. पन्हाळीत पिंपळ उगवलेला असतो, कबुतरांची घरटी असतात, कुणीतरी दहा वर्षांपूर्वी विसरलेला ब्रश असतो. पावसाळ्याआधी पन्हाळी साफ केल्या, स्क्रू आवळले, तडकलेले वॉशर बदलले तर अर्धी गळती होतच नाही. मिस्त्री प्रत्येक साहेबाला हे सांगायचे. साहेब मान हलवायचे आणि जुलैत फोन करायचे.

मिस्त्रींना काहीतरी होतंय हे मला थंडीत कळलं. तळवड्यात एका छोट्या युनिटवर पन्हाळ साफ करायची होती, त्या दिवशी मीही वर होतो. मिस्त्री चालता चालता एकदम खाली बसले. मी विचारलं तर म्हणाले, लेस सुटली. बराच वेळ वाकून होते. मी जवळ गेलो तेव्हा पाहिलं, त्यांनी बिनलेसचे बूट घातलेले.

मग घरातही दिसायला लागलं. सकाळी अंथरुणातून उठले की दाराच्या कोपऱ्यातल्या भिंतीला पंजा लावून उभे राहायचे, गुरं पाणी पिऊन झाल्यावर नुसती उभी असतात तसे. पिंपळे गुरवच्या एका डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला कानाच्या आतल्या भागाचं आहे, तोल तिथून सांभाळला जातो, वयानं होतं, गोळ्या घ्या, उंचीवर जाऊ नका. मिस्त्री बाहेर आल्यावर हसले. डॉक्टरला कुणी सांगितलं मी उंचीवर जातो म्हणून, मला म्हणाले, तू बोललास का? मी नव्हतो बोललो. त्यांच्या बुटांच्या तळव्यांना चिकटलेलं सिलिकॉन बघून डॉक्टरनं ओळखलं असेल, किंवा हातांवरून. गोळ्या खाल्ल्या की त्यांना झोप यायची, म्हणून कामाच्या दिवशी खायच्या नाहीत असं ठरलं. म्हणजे रविवारी त्यांचा तोल चांगला असायचा.

आमच्या कामाला हाइट पास लागतो. गळ्यात लटकवायचं कार्ड. वर्षातून एकदा कंपनीच्या दवाखान्यात तपासणी करतात, रक्तदाब बघतात, डोळे बघतात आणि डोळे मिटून एका पायावर उभं राहायला लावतात. पास नसला तर गेटच्या आत नाही. आमच्या ठेकेदाराकडं जमिनीवरचं कामच नव्हतं. खालच्यालासुद्धा लिफ्टवर चढायचं म्हणजे पास आलाच. मिस्त्रींचा पास गेला असता तर ते गेले असते, गावी. तिथं त्यांचं एक पडकं टपरीचं दुकान होतं, भावाशी बोलणं नव्हतं, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. "गावात जाऊन काय, पिंपळाखाली बसू?" असं ते म्हणायचे. "तिथं आधीच जागा न्हाई."

मग रोज सकाळी एक तमाशा. चहा उकळत ठेवायचा आणि मिस्त्री खोलीच्या मधोमध एका पायावर उभे. डोळे मिटलेले, हात पसरलेले, बनियन आणि चट्ट्यापट्ट्यांची चड्डी. मी समोर, पडले तर धरायला. पहिले काही दिवस तर मी धरायच्या आधीच पडायचे, एकदा चहाच्या पातेल्यावर. घरमालकीण म्हातारी दारातून बघून गेली आणि दुसऱ्या दिवशी मला हळूच म्हणाली, तुजा मेस्तरी काय करनी-बिरनी करतोय का रं? मी म्हणालो, न्हाई आजी, परीक्षा हाय. म्हातारीला हसू आवरेना.

पण जमलं. हळूहळू त्यांनी युक्ती काढली. डोळे मिटायचे, पण मिटायच्या आधी समोरच्या खिळ्याकडं बघून ठेवायचं आणि मिटल्यावर मनात तोच खिळा बघत राहायचं. तपासणीच्या दिवशी मी दवाखान्याबाहेर बाकावर बसलो होतो. आतून बाहेर आले ते कार्ड हलवतच आले. त्या दिवशी आम्ही मिसळ खाल्ली. मी खाताना आनंदात होतो, खरंच होतो. आणि तर्री चाटता चाटता माझ्या ध्यानात आलं, की आता पुढचं अख्खं वर्ष हा माणूस वर जाणार.

त्या उन्हाळ्यात चाकणजवळच्या एका मोठ्या कंपनीनं आपल्या शेडच्या पत्र्याला पांढरा कोट मारून घेतला. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. आत उकाडा भयंकर, कामगार चक्कर येऊन पडायचे, म्हणून ऊन परतवणारा रंग. कल्पना चांगलीच होती. रंगवणारी टोळी बाहेरून आलेली, फवाऱ्यानं रंग मारणारी, आणि त्यांना सांगितलं होतं छप्पर पांढरं करा. त्यांनी केलं. सगळं केलं. पत्रे, स्क्रू, पन्हाळीचे काठ आणि उजेडाचे फायबरसुद्धा. आतले लोक म्हणाले, गार झालं पण अंधारलं. दिवसा दिवे लावायला लागले.

आम्हाला बोलावणं आलं ते श्रावणातल्या उघडिपीत. तयार मालाच्या खोक्यांवर पाणी टपकत होतं. तिथले फॅसिलिटीचे साहेब नागपूरकडचे, तरुण, सारखे घामाघूम. त्यांच्यावर छप्पर, संडास, कँटीन, पार्किंग, सगळ्याचा भार. मला ते आवडायचे कारण ते आमच्याशी बोलताना आमच्याकडं बघायचे. त्यांनी आधीच मिस्त्रींना सांगितलं, वर सगळं पांढरं आहे, काका, जपून. मिस्त्री म्हणाले, ही शेड मला पाठ हाय, साहेब. पाठ होतीच. आम्ही ती बांधल्यापासून बघत होतो. उजेडाचे पत्रे कुठं कुठं ते मिस्त्री डोळे मिटून सांगू शकत होते.

आता वाटतं, त्या सकाळी त्यांनी डोळे मिटूनच जायला हवं होतं.

मी लिफ्टवर वर गेलो. लिफ्ट चालवणारा कंपनीचाच माणूस, पिंपळे गुरवला राहणारा, बापही कारखान्यात होता त्याचा. आम्ही जय भीम केला. मिस्त्री बाहेरच्या शिडीनं वर गेले. सेफ्टी बेल्टचा दोर छपराच्या मधल्या तारेला अडकवायचा असतो, पण ती तार छपरावरच्या हवेच्या पंख्यांच्या ओळीपर्यंतच जात होती आणि गळती त्याच्या पलीकडं. पलीकडं जायचं तर दोर सोडावा लागतो. सगळेच सोडतात.

एक ठोका. मी एक दिला. पुन्हा एक. मी दिला. प्रेस मशीन खाली धाड धाड करत होत्या, तरी हात पत्र्याला लावून ठेवला की ठोका हाताला कळायचा. मग बराच वेळ काही नाही.

मी एक दिला. वरून काही नाही.

"काय झालं?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

"ठोका नाही आला."

"येईल की. मुतायला बसला असेल."

मी पुन्हा दिला. मग वर बघता बघता मला ते दिसलं. रंग मारलेले फायबर आतून पूर्ण काळे झालेले नव्हते. आमच्या पुढं थोड्या अंतरावर एक फायबर होतं, दुधाच्या पिशवीतून उजेड यावा तसं अंधूक उजळलेलं. आणि त्याच्या कडेला एक पंजा होता. सावली. पाच बोटं पसरलेली, भिंतीला लावावी तशी.

मिस्त्री पत्र्यावर बसलेले होते आणि त्यांचा एक हात फायबरवर टेकलेला होता. त्यांना ते माहीत नव्हतं.

मी तीन ठोके दिले. थांब. पंजा हलला नाही. दिलेला ठोका प्रेसच्या आवाजात बुडाला असेल, किंवा त्यांना कळून उपयोग नसेल. आमच्या पद्धतीत थांब होतं, पण कुठं वळ, कुठं ये, याला काही नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती. मी वर जाऊन काय करणार होतो? वरून मलाही पांढरंच दिसलं असतं. उजेड कुठं आहे ते फक्त खालून दिसत होतं.

लिफ्टवाल्यानं खाली वाकून साहेबांना हाक मारली. साहेब बादली सरकवत होते. त्यांनी वर बघितलं, पंजा बघितला. सरळ मशीनच्या लाइनकडं गेले, तिथल्या सुपरवायझरशी दोन शब्द बोलले, तो हात हलवून नाही नाही करत होता, आणि साहेबांनी स्वतः लाल बटण दाबलं.

कंपनी एवढी गप्प होऊ शकते हे मला माहीत नव्हतं. कुठंतरी हवेची नळी सूं करत होती. पत्र्यावर कबुतरं चालत होती, त्यांच्या नखांचा आवाज यायला लागला. माणसं हातातलं काम टाकून वर बघत उभी राहिली.

मी हाक मारली. वरून आवाज आला, जाड, घागरीतून आल्यासारखा.

"दिसत न्हाई रं. समदं पांढरं हाय. फिरतंय."

मी म्हणालो, हात उचला, डावा हात उचला, तो फायबरवर आहे. सावली निघून गेली. मी कठड्याबाहेर वाकलो होतो, लिफ्टवाल्यानं माझ्या बेल्टला मागून धरलं. मी म्हणालो, मिस्त्री, माझ्या आवाजाकडं या.

"आवाज चहूकडनं येतुया," ते म्हणाले. "वाजीव."

मग मी शिडीच्या दिशेनं वाजवत गेलो. पट्टीच्या बरोबर खाली, जिथं वर स्क्रूची ओळ असणार तिथं. एक ठोका द्यायचा आणि थांबायचं. वर ते पत्र्यावर पंजा फिरवून ठोका कुठं कळतो ते शोधायचे, मग बसल्या बसल्या सरकायचे. घासल्याचा आवाज यायचा. मग त्यांचा पाना एकदा वाजायचा. मी इथं आहे. लिफ्टवाला इंच इंच लिफ्ट पुढं घ्यायचा. उजेडाच्या पत्र्यापाशी आलो की मी पट्टीवरून वळसा घालायचो. असं अर्धं छप्पर झालं. पुढं खोक्यांचे रॅक होते, लिफ्ट तिथून जाईना. खालून कुणीतरी जाळ्या काढायचा लांब बांबू वर दिला. त्याच्या टोकानं ठोकत राहिलो. बांबूचा ठोका मऊ यायचा, त्यांना कळायला वेळ लागायचा. माझ्या खांद्यांना पेटके आले. मी मनात काय म्हणत होतो ते लिहिण्यासारखं नाही, आईचं नाव होतं, बाबासाहेबांचं होतं आणि शिव्याही होत्या.

शिडीपाशी सेफ्टीचे लोक उभे होते, त्यांनी धरून उतरवलं. मी आतून पळत बाहेर आलो तेव्हा मिस्त्री जमिनीवर, भिंतीला टेकून बसले होते. कपडे, हात, मिशी, सगळ्याला पांढरा रंग लागलेला. दारात कामगारांची गर्दी होती. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्यांच्या मनात चांगलंच होतं. मिस्त्रींनी मान खाली घातली.

"टाळ्यांनी काय व्हतंय," ते म्हणाले. "च्या सांगा."

चहा आला. पण टाळ्या वाजल्या त्याच वेळी सगळं संपलं होतं. सगळ्या शेडनं बघितलं होतं. सगळ्या शेडनं ऐकलं होतं, फिरतंय म्हणून. आता ते कुणाला लपवता येणार नव्हतं, लपवावं असं कुणाच्या मनात आलं असतं तरी. साहेबांनी आम्हाला त्यांच्या केबिनमध्ये नेलं. पंखा लावला, पाणी दिलं. लाइन का थांबली याचे त्यांना सारखे फोन येत होते. ते फोनवर म्हणत होते, माणूस होता वर, माणूस. मग फोन उलटा ठेवला आणि म्हणाले, मला हे घ्यावं लागेल, काका.

मिस्त्रींनी पास गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. "घ्या की, साहेब. टोचतच व्हतं."

मला त्या साहेबांचा राग कधीच आला नाही. त्यांनी लाइन थांबवली नसती तर मिस्त्री कदाचित आज नसतेच. पुढच्या वर्षी साहेब त्या कंपनीत नव्हते. कुठं गेले, का गेले, मला कुणी सांगितलं नाही. जाण्याआधी त्यांनी त्या छपरावरच्या प्रत्येक उजेडाच्या पत्र्याभोवती लाल पट्टा मारून घेतला होता. एवढंच माहीत आहे.

ठेकेदार चांगलं बोलला. म्हणाला, मिस्त्री, तुमच्यासारखा माणूस मिळणार नाही, पण खाली मी तुम्हाला काय देऊ, खालीही चढावंच लागतं. त्यात खोटं काही नव्हतं. कुणीच खोटं बोललं नाही, कुणी वाईट वागलं नाही. हेच मला आजवर नीट गिळता आलेलं नाही.

गावी जायच्या आदल्या दिवशी मिस्त्री भांडी घासत होते. मी म्हणालो, राहू द्या, मी घासतो. ते घासतच राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

"तू वाजीवलंस म्हणून आलो. न्हाईतर बसून राह्यलो असतो. तासाभरानं थांबलं असतं फिरायचं. मग उतरलो असतो गुपचूप. कुणाला कळलंबी नसतं."

त्यांनी ताट धुतलं, पालथं घातलं.

"न्हाईतर पडलो असतो," ते म्हणाले. "त्येबी हायच म्हणा."

दोन्हीतलं त्यांना खरं कुठलं वाटत होतं, मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. आणि मला स्वतःला विचाराल तर, त्या पंजाची सावली मी पाहिलेली आहे. मी पुन्हा वाजवीन. शंभर वेळा वाजवीन. आणि प्रत्येक वेळी तो माणूस खाली उतरून गावीच जाईल.

साताऱ्याकडच्या गाड्या वाकडला हायवेच्या पुलापाशी थांबतात. तिथं सोडायला गेलो. बाजूला ते उंच उंच टॉवर, प्रत्येक मजल्यावर बाल्कनी, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. मिस्त्रींनी मान वर केली आणि लगेच खांबाला धरलं.

"एवढ्या वर माणसं झोपत्यात," ते म्हणाले. "फिरत नसंल का त्यास्नी?"

गाडीत बसताना त्यांनी पिशवीतून पाना काढून माझ्या हातात दिला. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, वाकू नको, मलाच बघून फिरतंय. कंडक्टरनं घंटी मारली.

आता मी वरचा आहे. ठेकेदारानं विचारलं आणि मी हो म्हणालो. या शहरात मला दुसरं काही येत नाही, आणि वरचं काम ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव राहावं असंही वाटलं. खाली नवा माणूस आहे, बीडचा, चांगला आहे. त्याला मी ठोक्यांची पद्धत सांगितली. त्यानं ऐकून घेतली. पण तो फार वर बघत नाही, त्याला उंचीची भीती वाटत नाही. माझा एक ठोका जातो आणि खालून काही येत नाही. मग मी पुढचं पाऊल टाकतो, स्क्रूच्या ओळीवर. थेंब दिसला की तो खडूनं खूण करून ठेवतो, मी उतरल्यावर मला दाखवतो. गळती सापडते. काम होतं.

सुरुवातीला तळवड्याच्या छोट्या युनिटवरून, जिथं मोबाइल चालतो, मी मिस्त्रींना वरूनच फोन करायचो. कुठं आहे ते सांगायचो, कुठली शेड, पन्हाळीत काय सापडलं. त्यांना आवडेल असं वाटायचं. ते ऐकून घ्यायचे, हं हं म्हणायचे. एके दिवशी मी वर बसून सांगत होतो की पिंपळ पुन्हा उगवलाय, तोच, आपण मुळासकट काढलेला, आणि ते मध्येच म्हणाले,

"गड्या, वरनं फोन नको करत जाऊ. फोनात वारा येतुया. मला हितं बसल्या जागी फिरतंय."

मी म्हणालो, बरं मिस्त्री.

तेव्हापासून फोन खोलीवर आल्यावर करतो. ते विचारतात जेवलास का, मी विचारतो गोळ्या घेताय का. घेतो म्हणतात. आता रोज घेता येतात. मग दोघांकडंही सांगायला फारसं काही राहत नाही. ठेवू का, ते म्हणतात. ठेवा, मी म्हणतो.

पुढच्या महिन्यात माझी पासची तपासणी आहे. सकाळी चहा उकळेपर्यंत मी एका पायावर उभा राहतो. समोर धरायला कुणी नसतं म्हणून दाराच्या कोपऱ्याजवळ उभा राहतो. तिथं भिंतीवर, खांद्याच्या उंचीवर, एका पंजाचा तेलकट डाग आहे. म्हातारीनं यंदा चुना मारून घेतला, पण तो पुन्हा वर आला. मी डोळे मिटायच्या आधी त्याच्याकडं बघून ठेवतो.